चार ओळींच्या उत्तराला दोन सेकंद का लागतात?

२०२४ च्या एप्रिलात, ऐन हंगामात, मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकिंग शेडमध्ये हिशेबाच्या टेबलापाशी उभी होते. बाहेर ट्रक लागलेला. आत पेंढ्याचा आणि पिकत आलेल्या हापूसचा वास. समोर सात-आठ बागायतदार, आणि प्रत्येकाचा प्रश्न तोच: आज माझ्या किती पेट्या गेल्या, कुठल्या ट्रकने, कुठल्या दलालाकडे? हिशेब बघणारे काका नाव टाकायचे, पडद्यावर चक्र फिरायला लागायचं, आणि बऱ्याच वेळाने उत्तर यायचं ते चार ओळींचं.

"ताई, चार ओळी आहेत हो," काका म्हणाले. "वही उघडली असती तरी एव्हाना सापडल्या असत्या. एवढा कसला विचार करतंय ते?"

वैतागून विचारलं होतं, पण शब्द नेमका पकडला होता. ते खरोखर विचारच करत होतं.

"सर्व्हर स्लो आहे" हे वाक्य आता तहसील कचेरीपासून बँकेच्या खिडकीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्या तीन शब्दांत दहा निरनिराळी दुखणी कोंबलेली असतात. नेट गेलेलं असेल, डिस्क भरलेली असेल, माहितीच अफाट असेल. मी त्यातलं एकच दुखणं इथे घेते आहे, कारण ते फार कमी वेळा ओळखलं जातं आणि त्यावर केलेले नेहमीचे उपाय ते बरं करण्याऐवजी वाढवतात. काम झटपट उरकतं, पण काम कसं करायचं हे ठरवण्यातच वेळ जातो, असं ते दुखणं.

काय हवं ते सांगा, कसं ते नको

आधी थोडी पायाभरणी. माहिती टेबलांमध्ये ठेवलेली असते. एका टेबलात बागायतदार, दुसऱ्यात पेट्या, तिसऱ्यात ट्रक, चौथ्यात दलाल. पेटीच्या नोंदीत बागायतदाराचं नाव-गाव लिहिलेलं नसतं, फक्त त्याचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या धाग्याने दोन टेबलं जोडायची, याला जॉईन म्हणतात. अशा प्रकारच्या डेटाबेसला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्याची मांडणी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली. आजचे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल हे सगळे त्याच घराण्यातले.

कॉड यांच्या मांडणीतली खरी गंमत अशी की विचारणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगायचं. ते कुठून, कुठल्या क्रमाने आणायचं हे सांगायचं नाही. हा जो प्रश्न आपण विचारतो त्याला क्वेरी म्हणतात. ती कशी पार पाडायची हे डेटाबेसमधला प्लॅनर नावाचा भाग ठरवतो, आणि त्याने ठरवलेला मार्ग म्हणजे प्लॅन.

गुहागरहून दापोलीला जायचं आहे असं समजा. एक रस्ता धोपाव्यापर्यंत जाऊन फेरीबोटीने दाभोळला उतरायचं आणि पुढे दापोली. दुसरा रस्ता चिपळूण, खेड असा वळसा घालून. अंतर बघितलं तर फेरीबोटीचा रस्ता निम्म्याहून कमी. पण आपण नुसतं अंतर बघत नाही. धक्क्यावर रांग किती असेल, शेवटची फेरी चुकेल का, पावसाळा आहे का, गाडीत किती माणसं आहेत, हे सगळं मनात घेऊन अंदाज बांधतो आणि मग गाडी काढतो. प्लॅनरही हेच करतो. त्याच्याकडे प्रत्येक टेबलाची ढोबळ माहिती असते: नोंदी किती, कुठली किंमत किती वेळा येते, कुठल्या रकान्यावर इंडेक्स आहे. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पानावरची सूची, शब्द शोधा आणि थेट त्या पानावर जा. या माहितीवरून प्लॅनर प्रत्येक रस्त्याला एक खर्च लावतो. पोस्टग्रेसच्या मूळ हिशेबात डिस्कवरचं पान ओळीने वाचायला १ आणि उडी मारून भलतीकडचं पान वाचायला ४ असा दर धरलेला आहे. ज्या रस्त्याचा एकूण खर्च कमी, तो प्लॅन.

गाडी काढण्याआधी रस्त्याचा विचार करणं शहाणपणाचं आहे. पण ओटीवर बसून दोन तास रस्त्याचीच चर्चा चालली, तर चिपळूणच्या वळशानेसुद्धा आपण तोवर पोचलो असतो.

रस्ते इतके कुठून येतात?

गणपतीत वाडीतल्या घरोघरी आरतीला जायचं असतं. पाच घरं असतील तर ती कुठल्या क्रमाने घ्यायची याचे १२० पर्याय होतात. आठ घरं झाली की ४०,३२०. बारा घरं झाली की ४७ कोटी ९० लाखांच्या वर. घर एकच वाढतं, पण पर्याय गुणाकाराने वाढतात.

टेबलांचंही तसंच आहे. कुठलं टेबल आधी घ्यायचं, ते कशाशी जोडायचं, आलेला निकाल पुढे कशाशी जोडायचा, असे क्रम लावत गेलं की बारा टेबलांच्या क्वेरीत तेवढेच पर्याय उभे राहतात. वर प्रत्येक जोडणी करायच्या निदान तीन तऱ्हा, आणि प्रत्येक टेबलावर चार-पाच इंडेक्स. सगळे पर्याय एकेक करून मोजायचे म्हटले तर क्वेरी कधी सुरूच व्हायची नाही.

या कोंडीवरचा उपाय आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत, सिस्टिम आर नावाच्या प्रकल्पात निघाला. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये तो मांडला. कल्पना साधी आणि फार सुंदर आहे. गुहागर ते दाभोळ सगळ्यात स्वस्त रस्ता एकदा सापडला की तो लक्षात ठेवायचा. दाभोळच्या पुढे कुठेही जायचं असेल तर मागचा भाग पुन्हा मोजायचा नाही. आधी दोन-दोन टेबलांच्या जोड्यांचे उत्तम रस्ते काढायचे, त्यांवरून तीनचे, मग चारचे. पोस्टग्रेसचा प्लॅनर आजही याच वाटेने जातो.

यानेही भार संपत नाही, कमी होतो. म्हणून पोस्टग्रेसने दोन बंधारे घातले आहेत. जॉईन कोलॅप्स लिमिट नावाची मर्यादा मुळात ८ असते. क्वेरीत जॉईन शब्द वापरून लिहिलेल्या टेबलांचा क्रम आठांपर्यंत तो स्वतः उलटापालटा करून बघतो, त्यापुढे लिहिणाऱ्याने दिलेल्या क्रमाला बराचसा धरून चालतो. आणि एका वेळी विचारात घ्यायची टेबलं १२ किंवा जास्त झाली, तर सगळे रस्ते तपासायचा नाद सोडून गेको नावाच्या अंदाजपद्धतीने 'बऱ्यापैकी' रस्ता निवडतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

दोन घड्याळं वेगळी लावा

क्वेरी मंद आहे म्हटलं की बहुतेक जण एकच आकडा बघतात: एकूण किती वेळ लागला. माझं ठाम मत आहे की या एका आकड्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नये. विचाराचा वेळ आणि कामाचा वेळ वेगळा बघायलाच हवा, आणि डेटाबेस तो फुकट सांगतो. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ असे दोन शब्द लिहिले की प्लॅन छापून येतो आणि अगदी तळाला दोन ओळी असतात: प्लॅनिंग टाइम आणि एक्झिक्यूशन टाइम. पहिला विचाराचा, दुसरा कामाचा.

एक सावधगिरी. अ‍ॅनालाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालते. नोंदी खोडणाऱ्या क्वेरीच्या आधी ते लावलंत तर नोंदी खरोखर खोडल्या जातील. नुसता विचाराचा वेळ हवा असेल तर अ‍ॅनालाइझ न लावता एक्स्प्लेनला समरी हा पर्याय द्यावा. प्लॅनिंग टाइम छापून येतो आणि नोंदींना धक्का लागत नाही.

त्या संध्याकाळी शेडमध्ये, काकांच्या खुर्चीशेजारी एका रिकाम्या पेटीवर लॅपटॉप ठेवून मी त्यांचीच क्वेरी चालवली. तळाला आलं:

प्लॅनिंग टाइम: १८४२ मिलिसेकंद
एक्झिक्यूशन टाइम: १४ मिलिसेकंद

हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद. पावणेदोन सेकंदांहून जास्त वेळ विचारात, आणि प्रत्यक्ष काम डोळ्यांची पापणी लवायच्या आत.

मग तीच क्वेरी, त्याच जोडणीवरून, लगेच पुन्हा चालवली. इथे जोडणी म्हणजे टेबलांचा जॉईन नव्हे, तर प्रोग्रॅमने डेटाबेसशी उघडलेला संपर्क, म्हणजे कनेक्शन. आता विचाराचा आकडा ४१० झाला आणि कामाचा १२. ही दुसरी फेरी कधीही चुकवू नका, कारण त्या दोन आकड्यांमधल्या फरकात निम्मं निदान असतं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक नवी जोडणी कोऱ्या पाटीने सुरू होते. कुठली टेबलं आहेत, त्यांचे रकाने कुठले, इंडेक्स कुठले, हे सगळं तिला पहिल्यांदा डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीतून, म्हणजे कॅटलॉगमधून, वाचून घ्यावं लागतं. पहिल्या फेरीतले जवळजवळ चौदाशे मिलिसेकंद या ओळख करून घेण्यात गेले होते. उरलेले चारशे खरे रस्ते मोजण्यात.

आणि इथला प्रोग्रॅम दर प्रश्नाला नवी जोडणी उघडत होता. म्हणजे रांगेतल्या प्रत्येक बागायतदारासाठी पुन्हा कोरी पाटी.

१४६१ वह्या

आता प्रश्न असा की चार टेबलांची ओळख करून घ्यायला चौदाशे मिलिसेकंद का लागावेत?

कारण ती चार नव्हती. पेट्यांचं टेबल पार्टिशन केलेलं होतं. पार्टिशन म्हणजे एक मोठं टेबल आतून तुकड्यांत ठेवायचं, जशी एक जाड वही ठेवण्याऐवजी महिन्यामहिन्याची वेगळी वही ठेवतात. बाहेरून विचारणाऱ्याला एकच टेबल दिसतं. फार मोठ्या माहितीसाठी ही पद्धत उत्तम आहे. इथे ज्या कुणी हे बांधलं त्याने दर दिवसाला एक पार्टिशन केलं होतं. १ जानेवारी २०२१ पासून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत, १४६१ दिवसांचे १४६१ तुकडे. त्यात श्रावणातले दिवससुद्धा, जेव्हा कलमावर एक आंबा नसतो. चार हंगामांच्या मिळून सहा लाखांच्या आसपास नोंदी होत्या. पोस्टग्रेसला सहा लाख म्हणजे किरकोळ, एकच टेबल पुरलं असतं.

त्यावर, स्क्रीन मंद आहे म्हणून दर वर्षी कुणीतरी एक-दोन इंडेक्स वाढवत गेलेलं. पाच इंडेक्स, गुणिले १४६१. सात हजारांवर इंडेक्स. प्लॅनरला प्रत्येक तुकडा उघडायचा, त्याचे पाच इंडेक्स बघायचे, यातला कुठला उपयोगाचा हे ठरवायचं. इतकंच नाही, रस्ते ठरवताना कुणी टेबलाची मांडणी बदलू नये म्हणून त्या प्रत्येकावर एक हलकं कुलूपही लावावं लागतं. सेटिंगच्या फायलीत मला दिसलं की कुलुपांची मर्यादा, जी मुळात ६४ असते, ती कुणीतरी आधीच १०२४ केली होती. म्हणजे पूर्वी कधीतरी कुलुपं संपल्याचा एरर आला होता आणि तो आकडा वाढवून गप्प केला गेला. मला त्या ओळीचं फार वाईट वाटलं. दुखणं तेव्हाच ओरडून सांगत होतं.

पण थांबा. क्वेरी फक्त आजच्या पेट्या मागत होती. मग प्लॅनरने बाकीच्या १४६० वह्या उघडल्याच का? त्याला तारीख कळत नाही का?

उत्तर एका शब्दात दडलेलं होतं. क्वेरीत तारीख लिहिलेली नव्हती, "आजची तारीख" असं लिहिलेलं होतं, म्हणजे करंट डेट. माणसाला दोन्ही सारखंच. प्लॅनरला नाही. प्लॅन एकदा बनवून नंतर, अगदी उद्यासुद्धा, वापरला जाऊ शकतो. तेव्हा "आज" म्हणजे कुठला दिवस हे प्लॅन बनवताना गृहीत धरता येत नाही. म्हणून तो सगळ्या १४६१ तुकड्यांसाठी रस्ता आखतो. प्रत्यक्ष काम सुरू होताना "आज" किती तारीख ते बघितलं जातं, आणि नको असलेले तुकडे टाकून दिले जातात. प्लॅनमध्ये ही ओळ अगदी उघड छापलेली होती: सबप्लॅन्स रिमूव्हड, १४६०. म्हणजे १४६१ रस्ते आखायचे, आणि निघताना १४६० फाडून टाकायचे. काम १४ मिलिसेकंदांत का होत होतं आणि विचार का संपत नव्हता, दोन्हींचा उलगडा त्या एका ओळीत.

त्याच रात्री एवढाच बदल केला की आजची तारीख प्रोग्रॅमने काढायची आणि क्वेरीत सरळ आकड्यांत घालायची. पोस्टग्रेसच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, तारीख अशी आधीच ठाऊक असेल तर नको असलेली पार्टिशन प्लॅनर उघडतही नाही. नव्या जोडणीवरही विचाराचा वेळ ६० मिलिसेकंदांच्या आसपास आला. हंगाम संपल्यावर रोजच्या वह्या मोडून हंगामाची एक अशा चार केल्या, न वापरलेले तीन इंडेक्स काढले, आणि जोडण्यांचा एक साठा ठेवला. त्याला कनेक्शन पूल म्हणतात. आधीच ओळख झालेल्या थोड्या जोडण्या उघड्या ठेवायच्या आणि त्याच आळीपाळीने वापरायच्या. आता आकडा ९ आहे.

दुसऱ्या स्क्रीनचं वेगळंच होतं

त्याच प्रोग्रॅममध्ये पट्टीची स्क्रीन होती. पट्टी म्हणजे माल विकल्यावर दलाल पाठवतो तो हिशेब: भाव, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात किती. तिथे विचाराला नऊ सेकंद लागत होते, आणि दुसऱ्या फेरीतही जवळजवळ तेवढेच. म्हणजे कोऱ्या पाटीचा दोष नाही, रस्तेच खरोखर फार आहेत.

ती क्वेरी एका व्ह्यूवर होती. व्ह्यू म्हणजे नाव देऊन जपून ठेवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वापरता येते. हा व्ह्यू दुसऱ्या व्ह्यूवर, तो तिसऱ्यावर. प्लॅन बनवताना ही सगळी वेष्टनं उलगडली जातात आणि आतून निघाली चौदा टेबलं. तालुका, बँकेची शाखा, खतांची उधारी, काय काय. स्क्रीनवर त्यातली सहाच दिसत होती.

चौदा टेबलांना एक तर आठांची मर्यादा आडवी यायला हवी होती, नाहीतर गेकोने अंदाजाने उरकायला हवं होतं. पण कुणीतरी गेको बंद केला होता आणि जॉईन कोलॅप्स लिमिट ८ वरून २० केली होती. हेतू चांगला असणार: प्लॅनरला पूर्ण विचार करू दे, उत्तम रस्ता मिळेल. भरीला जवळजवळ प्रत्येक टेबलात बागायतदाराचा क्रमांक होता. त्यामुळे प्लॅनरच्या नजरेत कुठलंही टेबल कुठल्याही टेबलाशी जोडता येत होतं. वाडीत प्रत्येक घरातून प्रत्येक घराला पायवाट असावी तसं.

इथे मी सहा टेबलांची साधी क्वेरी नव्याने लिहिली आणि दोन्ही सेटिंगं मूळ जागी नेली. सेटिंग आधी बदलून बघायचा मोह होतो, पण न लागणारी आठ टेबलं काढणं हाच खरा उपाय होता.

आणखी दोन-तीन ठिकाणी बघा

प्लॅनरला लागणारी ढोबळ माहिती पोस्टग्रेस नमुना घेऊन गोळा करतो, आढीतले चार आंबे दाबून बघावे तसं. किती बारकाईने, हे ठरवणारा आकडा मुळात १०० असतो आणि १०,००० पर्यंत वाढवता येतो. प्लॅन चुकतोय म्हणून सरसकट १०,००० केला तर दर क्वेरीला प्लॅनर तेवढ्या लांब याद्या चाळत बसतो. ज्या रकान्याचा अंदाज चुकतोय तेवढ्यापुरताच वाढवावा.

एक फसवं कारण असं. विचाराचा वेळ एरवी ठीक असतो आणि दिवसाच्या ठरावीक वेळी अचानक चढतो. टेबलातली सगळ्यात मोठी किंवा लहान किंमत जाणून घ्यायला प्लॅनर कधीकधी इंडेक्सच्या टोकाला स्वतः जाऊन बघतो. तिथे नुकत्याच खोडलेल्या हजारो नोंदींची कलेवरं पडलेली असतील, तर एकेक बाजूला सारत त्याला जिवंत नोंद शोधावी लागते. वहीची शेवटची वीस पानं काट मारलेली असावीत तसं. नव्या आवृत्त्यांत या शोधाला मर्यादा घातली आहे. मूळ कारण बहुतेकदा कुणीतरी सकाळी उघडून तसाच ठेवलेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमध्ये सुरू केलेलं पण पूर्ण न केलेलं काम) असतो, ज्याच्यामुळे त्या नोंदींची झाडलोट करता येत नाही.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी चालू क्वेरींच्या यादीत 'स्टॅटिस्टिक्स' ही अवस्था रेंगाळताना दिसते का बघावं, तेव्हा तो प्लॅनसाठीचे आकडे जमवत असतो. ओरॅकलवाले ज्याला हार्ड पार्स म्हणतात, म्हणजे क्वेरीचा प्लॅन पुन्हा मुळापासून बनवणं, तो याच दुखण्याचा भाऊ.

मोठा सर्व्हर घेतला तर?

काकांच्या संस्थेला हाच सल्ला मिळाला होता. नवा सर्व्हर, दुप्पट कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी वेगवेगळं काम करू शकणारे भाग), चौपट मेमरी. माहिती चाळण्याचं काम पोस्टग्रेस अनेक कोअरमध्ये वाटू शकतो. पण एका क्वेरीचा प्लॅन बनवण्याचं काम एकच प्रोसेस करते. सोळा कोअर असले तरी पंधरा बघत उभे राहतात. कोअर जरा जास्त वेगाचा असेल तर १८४२ चे १५०० होतील. त्या पैशांत संस्थेला किती क्रेट आले असते हे मी तिथे बोलून दाखवलं, आणि आजही तेच म्हणेन.

मग एकदाच विचार करून तोच प्लॅन का वापरू नये?

वापरता येतो. रोजच्या मार्गावरचा एसटीचा ड्रायव्हर कुणाला रस्ता विचारत नाही. क्वेरीचा साचा आधी तयार करून ठेवायचा आणि दर वेळी फक्त बागायतदाराचा क्रमांक बदलायचा, याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा प्रत्येक क्रमांकासाठी नवा विचार करतो. मग सगळ्यांसाठी एकच सामाईक प्लॅन बनवून बघतो, आणि तो आधीच्यांच्या सरासरीपेक्षा फार महाग दिसला नाही तर पुढे तोच चालवतो.

अडचण येते ती बागायतदार सारखे नसतात म्हणून. एकाची घरामागची सात कलमं, हंगामात चाळीस पेट्या. दुसऱ्याच्या दोन टेकड्या, हजारो पेट्या. पहिल्यासाठी इंडेक्स धरून चार उड्या मारणं योग्य. दुसऱ्यासाठी टेबल ओळीने वाचणं कदाचित स्वस्त. फेरीबोट बंद असलेल्या दिवशी कालचाच रस्ता धरला तर धोपाव्यावरून परत फिरावं लागेल. म्हणून माझा नियम असा: जिथे विचाराचा वेळ कामाच्या वेळेपेक्षा मोठा आहे आणि क्वेरी दिवसात हजारदा चालते, तिथे सामाईक प्लॅन. जिथे काम मोठं आहे, तिथे दर वेळी नवा विचार होऊ द्यावा.

यावरूनच आणखी एक शंका निघते: दोन सेकंद विचार हा नेहमीच दोष आहे का? नाही. हंगामाअखेरचा ताळेबंद वीस मिनिटं चालतो. तिथे प्लॅनरने पाच सेकंद घेऊन तो दहा मिनिटांवर आणला तर त्याचे आभार मानावेत. काउंटरसमोर रांग उभी असताना मात्र तेच पाच सेकंद फार होतात.

प्रोग्रॅम करून देणाऱ्याला काय विचारायचं?

हे सगळं स्वतः करायची गरज नाही. ज्यांच्याकडून प्रोग्रॅम घेतलात त्यांना फोन करून दोन आकडे मागा: विचार किती, काम किती. नव्या जोडणीवर एकदा आणि लगेच त्याच जोडणीवर पुन्हा. कायमची नोंद हवी असेल तर पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून पीजी स्टॅट स्टेटमेंट्स या जोडसुविधेत विचाराचा वेळही साठवता येतो. ती नोंद मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. आकडे न देता कुणी "अजून एक इंडेक्स टाकतो" म्हणालं तर आधी थांबवा.

काकांसाठी मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ते दोन आकडे दिसतील अशी सोय करून दिली. गेल्या हंगामात त्यांचा फोन आला. "ताई, परत तसंच व्हायला लागलंय. पण आकडे बघितले मी. विचार ९, काम १४." म्हणजे डेटाबेस मोकळा होता. मी त्यांना नेटची वायर बघायला सांगितलं. पेट्यांची थप्पी रचताना ती भिंतीशी दाबली गेली होती. थप्पी हलवायला दोन गडी लागले, आणि ट्रक पावणेआठला सुटला.